दहापर्यंत मोजणारा हात

दोष मामाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ऐकताना तुम्हाला त्याचं वय दिसेल, त्याने एकट्याने उभा केलेला कारखाना दिसेल, आणि मग तुम्हीही सगळ्यांसारखं म्हणाल, "जाऊ द्या हो, मोठा माणूस आहे." जाऊ द्यायचं नाही. दोष त्याचाच. मी सांगतोय म्हणजे ऐकीव नाही. ज्या हातावरून हे सगळं घडलं, तो हात सगळ्यांच्या देखत माझ्याच पाठीवर ठेवलेला होता.

मी कन्व्हर्टर बोलतोय. नावाने घाबरू नका. उचलून कुठेही नेता येणारा जनरेटर तुम्ही पाहिला असेल. दोरी ओढली की खोकतो, दुसऱ्यांदा ओढली की धडधडायला लागतो. त्याच्या पोटात इंजिन असतं आणि ते वीज तयार करतं, पण ती वीज दारू प्यायलेल्या माणसासारखी. इंजिन जोरात असलं की उसळते, दमलं की कोसळते. तशीच फ्रीजला दिली तर फ्रीज मेला. म्हणून मधे मी बसतो. झोकांड्या खात आलेली वीज आत घेतो, तिला सरळ करतो आणि घरातल्या विजेसारखी शहाणी करून बाहेर पाठवतो. हे करताना मला ताप चढतो. साधासुधा नाही, फणफणून. तो बाहेर टाकायला माझ्या पाठीवर ॲल्युमिनियमची पाती असतात, कंगव्याच्या दातांसारखी उभी, आणि एक पंखा त्यांच्यावर वारा घालतो. पाती मोठी, तर मी थंड. पाती लहान, तर मी गरम. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं कळेल.

मला ज्याने बनवलं त्याला कारखान्यात अर्ध्या म्हणत. चार वर्षांच्या इंजिनियरिंगमधली दोन वर्षं करून बाहेर पडला म्हणून अर्धा इंजिनियर, म्हणून अर्ध्या. हे नाव मामाने ठेवलं. आणि कॉलेज कुणी सोडायला लावलं? मामानेच. बहिणीच्या घरी खुर्चीत पाय पसरून बसला आणि म्हणाला, "फळ्यावर वीज काढून कुणाचा दिवा लागलाय? माझ्याकडे ये. मला लहान कन्व्हर्टर बनवून दे. चालला तर खिडकीजवळचं टेबल तुझं आणि दारावर तुझ्या नावाची पाटी." अर्ध्याची आई म्हणाली, "मामा म्हणतोय म्हणजे विचार करूनच म्हणत असेल." भावाने केला असेल म्हणून बहिणीने विचार केला नाही, आणि दोघांनी केला असेल म्हणून पोराने केला नाही. असं एक शिक्षण संपलं.

खिडकीजवळच्या त्या टेबलाविषयी सांगतो, कारण पुढे त्याच्यासाठीच सगळं झालं. कारखाना म्हणजे पत्र्याखालच्या दोन खोल्या आणि मागे अंगण. पुढच्या खोलीत मामी खोकी भरायची. मधल्या खोलीत जोडणी. तिथे एकच खिडकी होती, आणि तिच्याखाली सागवानी, रुंद, चार ड्रॉवरचं टेबल. उजेड पडायचा तो फक्त त्याच्यावर. तांदळाच्या दाण्याएवढे भाग बोर्डावर चिकटवणाऱ्या माणसाला असा उजेड म्हणजे दुसरे डोळे. मामाने त्या टेबलावर काय ठेवलं होतं? जुने कार्ब्युरेटर वाळत घातले होते. अर्ध्या दोन वर्षं कोपऱ्यात, लोखंडी रॅकला पाठ लावून, मांडीवर फळी घेऊन काम करत होता, आणि अधूनमधून मान उचलून त्या टेबलाकडे बघायचा. लग्न ठरलेली पोरं बघतात ना, तसं.

माझ्याआधी माझे सहा भाऊ झाले. सगळ्यात पहिला धट्टाकट्टा. वहीएवढा लांब, चौदा पाती, प्रत्येक पातं बोटभर उंच. अर्ध्याने त्याला अंगणात इंजिनाला जोडलं, चार हिटर लावून तासभर ताणून चालवलं आणि पाठीला मीटरची सुई टेकवली. बावन्न अंश. अर्ध्या नाचायचाच बाकी होता. मग तो मामाला बोलवायला गेला.

या कारखान्यात माल पास करायची एक रीत होती. इंजिन असो, मोटर असो, की तांब्याची गुंडाळी, तासभर चालवायची आणि मामाला हाक मारायची. मामा येणार, उजवी बाही कोपरापर्यंत सारणार, तळवा ठेवणार, डोळे मिटणार आणि मोठ्याने मोजणार. एक, दोन, तीन. दहापर्यंत हात राहिला तर पास. आधी उचलावा लागला तर नापास. पास झालेल्याच्या अंगावर खडूने बरोबरची खूण. चाळीस वर्षं सगळा माल याच खुणेवर बाहेर पडला, आणि खोटं कशाला बोलू, त्यातली तीसेक वर्षं तो हात खरा होता. मामा इंजिनावर तळवा टेकवून सांगायचा, कुठल्या बाजूचं बेअरिंग गेलंय. लोक लांबून यायचे हे बघायला. त्या हाताचा एक फोटोही आहे पुढच्या खोलीत, चौकटीत. देवाशेजारी नाही, देवाच्या जरा वर.

पहिल्या भावावर मामाने हात ठेवला. दहा मोजले, वर आणखी पाच मोजले.

"बर्फ आहे बर्फ! अरे अर्ध्या, एवढी पाती कुणासाठी? तोफ बनवतोयस का?"

"मामा, उन्हाळ्यात बाहेर चालेल ना हे. थोडं हातचं राखून..."

"हातचं राखणारे कारकून होतात. काप."

मामा एका प्रदर्शनात जाऊन आला होता. तिथे त्याने काचेच्या पेटीत चपलेएवढा कन्व्हर्टर पाहिला होता आणि तेव्हापासून त्याच्या पोटात दुखत होतं. आपला त्याहून लहान झाला पाहिजे, एवढंच त्याचं गणित. कुणाला तो एवढा लहान हवाय, हे त्याने कुणाला विचारलं नव्हतं. मोठ्या माणसांनी विचारायचं नसतं. ते सांगतात.

अर्ध्याने कापलं. दुसऱ्या भावाला अकरा पाती, साठ अंश. खरं सांगतो, आम्हा सातांत गुणी तोच. उन्हातही न कुरकुरता काम करणारा. त्याच्यावर मामाने हात ठेवला. "थंड. काप." तिसरा, एकोणसत्तर. "थंड. काप." चौथा, ऐंशीच्या वर.

"मामा, मीटर एक्क्याऐंशी दाखवतंय."

"मीटर कुणी बनवलं?"

"कंपनीने."

"आणि हात कुणी बनवला?"

अर्ध्याने मीटर खाली ठेवलं.

"बोल ना, कॉलेजात शिकवलं नाही?"

"देवाने."

"मग? कोण वरचा?"

कोपऱ्यात तांब्याची तार गुंडाळत बसलेला वायंडर खुसखुसला. हा वायंडर मामापेक्षा दोन वर्षांनी मोठा, मामाच्या पहिल्या दिवसापासून तिथे. तोंडात नेहमी तारेचं टोक धरलेलं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. त्याने ती करूनही घेतली नव्हती.

त्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर अर्ध्याने चौथ्यावर स्वतःचा तळवा ठेवला. तीनला उचलला आणि काखेत दाबून धरला. मग तो बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिला. त्याला काय वाटलं असेल सांगा. मामाचा हात चुकतोय? छे. त्याला वाटलं, आपलाच हात नाजूक. मामा म्हणायचाच, "तुझे हात लोण्याचे. वह्या धरून धरून वाया गेले." माणसाला लहानपणापासून असंच वाढवलेलं असतं. मोठ्यांचं आणि आपलं जुळलं नाही, की चूक कुठे ते शोधायची गरजच नाही. चूक आपल्याच घरी सापडते.

पाचव्या भावाच्या वेळी मात्र सगळं उघड झालं.

सकाळचा चहा होता. मामा जोडणीच्या बाकावर रेलून एक जुना किस्सा सांगत होता, कुणा मोठ्या माणसाचं बंद पडलेलं इंजिन त्याने कसं नुसत्या हाताने ओळखलं तो. शेजारी अर्ध्याचं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर तापत होतं. किस्सा रंगला, मामाने हात पसरला आणि तळव्याची कड त्या आयर्नच्या टोकावर ठेवली. ठेवली आणि तशीच राहू दिली.

धूर निघाला. बारीकसा. मग वास.

मामा बोलता बोलता थांबला. नाक वर करून इकडेतिकडे बघायला लागला. "कसला वास येतोय रे? कुणाची वायर जळतेय?"

अर्ध्याने पाहिलं. वायंडरने पाहिलं. चहा घेऊन आलेल्या मामीनेही पाहिलं. तिघांच्या तिघांनी. आणि तिघांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. मामीने ट्रे खाली ठेवला, आयर्न उचलून पलीकडे सरकवलं आणि म्हणाली, "बाकाची कड जळत होती."

"लक्ष द्या जरा! कारखाना पेटवाल माझा." एवढं बोलून मामाने किस्सा पुढे चालू केला. मामीने त्याला चहाचा पेला दिला, डाव्या हातात. तेव्हा अर्ध्याच्या लक्षात आलं, की ती नेहमीच डाव्या हातात देते.

थोड्या वेळाने तो खोक्यांच्या ढिगामागे तिला गाठायला गेला.

"मामी, मामाच्या हाताला..."

"हळू बोल." तिने चिकटपट्टी दाताने तोडली. "साखर आहे त्यांना. आधी पाय गेले, आता हात. डॉक्टरने विचारलं, सुई टोचतोय, कळतेय का? हे म्हणाले, कळतेय, कळतेय. त्याने अजून टोचलीच नव्हती."

अर्ध्याला हसू आलं. मग आलेलं हसू कुठे ठेवावं ते कळेना.

"मग ते माझे कन्व्हर्टर पास करतायत ते कशाच्या जोरावर?"

"आंघोळीचं पाणी मी बघते. चहा मी बघते. घट्ट्यांखाली फोड येतात, त्यांना रात्री मलम मी लावते. गरम भांडं समोर येऊ देत नाही. माझ्या वाटचं मी करते. तुझं तू बघ."

"पण त्यांना माहीत आहे?"

"माहीत आहे. मान्य नाही."

म्हणजे बघा. दोन वर्षं एक पोरगा पाती कापत होता, आणि त्याला 'थंड आहे, थंड आहे' म्हणणारा हात एका लाकडी फळीइतकाच जिवंत होता. त्या हाताला गोठलेलं पाणी थंड लागलं नसतं आणि उकळतं पाणी गरम. बायकोला माहीत, जुन्या सोबत्याला माहीत, डॉक्टरला माहीत, ज्याचा हात त्यालाही माहीत. कळायचं राहिलं होतं ते फक्त त्याला, ज्याचं सगळं त्या हातावर टांगलेलं होतं.

अर्ध्या त्याच दुपारी बोलणार होता. खरंच बोलणार होता. हात धुतले, मीटर खिशात घातलं, तरातरा मधल्या खोलीत गेला. मामा खिडकीजवळ उभा होता. तो टेबलावरचे कार्ब्युरेटर एकेक करून खाली खोक्यात ठेवत होता. मग त्याने स्वतःच्या सदऱ्याच्या टोकाने टेबलावरचं तेल पुसलं. म्हातारा माणूस, वाकून, फुंकर मारत पुसत होता.

"ये," तो म्हणाला. "बघ. तुझं टेबल. फिरत्या दवाखान्याची बाई माल बघायला यायची आहे पुढच्या महिन्यात. तिच्यासमोर पास झाला की इथे बस."

अर्ध्याने खिशातलं मीटर खिशातच ठेवलं.

दोष मामाचा, हे मी सोडलेलं नाही. पण अर्ध्याच्या तोंडाला कुलूप कुणी लावलं नव्हतं, हेही सांगायला हवं. लालूच मामाने दाखवली, ती चघळली ह्याने.

मग सहावा झाला, आणि सहाव्यानंतर मी.

मला सात पाती आहेत, नखाएवढी उंच. पंखा इतका लहान, की फुंकर बरी. लांबी-रुंदी एखाद्या जाड साबणाच्या वडीएवढी. दिसायला मी देखणा आहे, ते नाकारत नाही. अर्ध्याने मला बनवलं तेव्हा त्याच्यात जी काही अक्कल होती ती सगळी माझ्यात ओतली. बोर्डावर एक दाणाभर जागा रिकामी नाही. वाकड्यातिकड्या विजेला मी असं सरळ करायचो, की पडद्यावर तिची रेघ बघून अर्ध्या गालातल्या गालात हसायचा. फक्त माझ्या पाठीवरचा ताप चौऱ्याण्णव अंश होता. नव्वदला मी आपोआप बंद पडावं म्हणून त्याने आत एक छोटासा पहारेकरी बसवला होता. मामाने तो काढायला लावला. "बाईसमोर बंद पडला तर? अवसानघातकी माल नको मला." पहारेकरी गेला. मामाने हात ठेवला, पंधरा मोजले, माझ्या अंगावर खडूची खूण केली.

वायंडरने त्या दिवशी तोंडातली तार काढली. मला वाटलं, आता बोलतोय. त्याने तार पुसली आणि पुन्हा तोंडात धरली.

बाई आली ती भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना. फिरत्या दवाखान्याच्या गाड्यांसाठी सामान घेण्याचं काम तिच्याकडे होतं. गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, खांद्यावर पिशवी, आणि बोलणं मोजूनमापून. गाडीत लसींचा फ्रीज असतो, तो सतत चालू राहिला पाहिजे, एवढं तिने एका वाक्यात सांगितलं. अंगणात जनरेटर तासभर धडधडत होता, हिटर लाल झाले होते. वरचं झाकण काढून ठेवलेलं होतं आणि मी उघड्या पाठीने उन्हात बसलो होतो.

"गरम किती होतं?" बाईने विचारलं.

मामा याच प्रश्नाची वाट बघत होता. बाही सारली, तळवा ठेवला, डोळे मिटले. "एक. दोन. तीन." पाहुण्यांसमोर तो सावकाश मोजायचा, म्हणजे रुबाब वाटतो. दहा झाले. त्याने डोळे उघडले आणि हात असा पुढे केला, जसं काही त्यातून कबूतर उडणार आहे.

बाईला काही विशेष वाटलं नाही. "तुमचा कामाचा हात आहे," ती म्हणाली. "गाडीत आमच्या नर्स असतात. घाईघाईत हात लागतो. साध्या माणसाला ठेवायला सांगा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मामाने एकदा वायंडरकडे बघितलं. वायंडर तारेत गुंतला. मामीने खोक्याकडे तोंड फिरवलं.

"अर्ध्या," मामा म्हणाला, "ये. ठेव हात."

आता बघा, तो काय करू शकत होता. "मामा, तुमच्या हाताला कळत नाही." एवढे पाच शब्द. ते उच्चारायला तीन सेकंद पुरतात. मला जीभ असती तर मी उच्चारले असते. मला इंजिनही थांबवता येत नव्हतं, पंखाही वाढवता येत नव्हता. मला एकच गोष्ट येते, तापणं, आणि मी तापत राहिलो. अर्ध्याने मामाकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावरून पलीकडे, उघड्या दारातून खिडकीकडे. पुसलेलं टेबल उन्हात चमकत होतं.

त्याने हात ठेवला.

"एक," मामा म्हणाला. सावकाश.

अर्ध्याची पाचही बोटं एकदम ताठ झाली, पण त्याने दाब कमी केला नाही. उलट वाढवला. माझ्या पात्यांच्या कडा त्याच्या तळव्यात शिरल्या.

"दोन."

तो हसत होता. बाईकडे बघून हसत होता. मानेवरची शीर दोरीसारखी उभी राहिली होती आणि वर हसू चिकटवलेलं होतं.

"तीन. चार."

चारनंतर दुखणं कमी व्हायला लागलं. त्याला वाटलं असेल, जमतंय. ते जमणं नव्हतं. ज्या नसा ओरडत होत्या, त्या एकेक करून मरत होत्या.

"पाच."

वास यायला लागला. इंजिनाच्या धुराने तो झाकला. बाईपर्यंत गेला नसेल. मामापर्यंत गेला. नाक त्याचं ठणठणीत होतं.

"सहा." मामाने डोळे उघडले. अर्ध्याच्या तोंडाकडे पाहिलं. मी खालून दोघांनाही बघत होतो. सहाला मामाला शंका आली, सातला त्याला कळलं. अगदी स्वच्छ कळलं. त्याचा हात मेलेला होता, डोळे मेलेले नव्हते.

तो थांबू शकत होता. 'बास' म्हणायला एवढंसं तोंड उघडायचं होतं.

"आठ," मामा म्हणाला.

"नऊ."

आणि मग, खोटं नाही सांगत, एक श्वास घेऊन, "दहा."

अर्ध्याने हात उचलला. उचलला म्हणजे सोडवला. त्याचा थोडा भाग माझ्याकडे राहिला. त्याने मूठ मिटून पाठीमागे घेतली आणि बाईला म्हणाला, "थंड आहे, मॅडम."

बाईने मान हलवली. पिशवीतून मोजायची टेप काढली, माझ्या अंगाला लावली, वहीत लिहिलं. मग भुवया वर करून म्हणाली, "एवढा लहान कशाला केलात?"

मामाला प्रश्नच कळला नाही. "लहानच तर खरी कारागिरी आहे, मॅडम!"

"असेल. पण आमच्या गाडीत जनरेटरसाठी अख्खं कपाट आहे. दोन हात रुंद. जागा कुणाला कमी आहे?" ती परत जायला वळली आणि दारापाशी थबकली. अंगणाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याच्या बुडाला एक जाडजूड डबा लावून ठेवलेला होता. "हे काय?"

"ते जुनं मॉडेल आहे. दुसऱ्या नंबरचं. बोजड आहे हो, रद्दी."

बाई खाली बसली. टेप लावली. माझ्या त्या गुणी दुसऱ्या भावाची अकरा पाती तिने बोटाने मोजली. "हा चालतो का?"

"चालतो," अर्ध्या म्हणाला. आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा. "साठ अंश. उन्हात चौसष्ट."

"मग हाच द्या. याला गाडीत आरामात जागा आहे."

बाई निघून गेली. माल ठरला तो दाराला लावलेला. दीड वर्षापूर्वी बनून तयार असलेला. तिला फोन करून 'कपाट केवढं आहे' एवढं विचारलं असतं, तर तिसरा, चौथा, पाचवा, सहावा आणि मी, आम्ही कुणी जन्मालाच आलो नसतो.

मामी अर्ध्याला नळाखाली घेऊन गेली. मूठ उघडायला तिला त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. आत जे दिसलं ते बघून तिने नळ पूर्ण सोडला.

"अरे, बोलला का नाहीस?"

"तू बोललीस का, मामी?"

"मला त्याच घरात राहायचंय."

"मला त्याच टेबलावर बसायचं होतं," अर्ध्या म्हणाला.

दवाखान्यात मांडीची कातडी काढून तळव्यावर लावली. मामा भेटायला गेला नाही, पायांचं दुखणं काढलं. अर्ध्याच्या आईचा फोन आला. आधी रडली. मग म्हणाली, "मामाला काही बोलू नकोस हं. त्यालाही वाईट वाटलं असेल." मला वाटलं, आता तरी हा पोरगा फोन भिंतीवर फेकेल. तो म्हणाला, "नाही बोलणार."

तीन महिन्यांनी तो कामावर आला. टेबल मिळालं. मामा शब्दाला पक्का. पहिल्या दिवशी अर्ध्या खिडकीच्या उजेडात बसला, चिमट्याने दाण्याएवढा भाग उचलला आणि बोर्डाकडे नेला. बोर्डावर पोचला तेव्हा चिमट्यात काहीच नव्हतं. वाटेत कुठे पडला ते त्याच्या बोटांना समजलं नाही. त्याने दुसरा उचलला. तोही पडला. दुपारपर्यंत टेबलाखाली वीसेक दाणे झाले होते. वायंडरने ते झाडूने गोळा केले, डबीत भरून त्याच्यासमोर ठेवले आणि परत जागेवर जाऊन बसला.

आता डिझाइन बाहेरून येतं. दारावर पाटीही लागली, पण तिच्यावर लिहिलंय 'तपासणी'. कारण एके दिवशी मामाने खडू आणून अर्ध्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "माझा हात थकला रे आता. यापुढे तू मोजत जा." आणि पुढच्या खोलीत कुणी गिऱ्हाईक आलं, की मामा त्याला चौकटीतल्या फोटोखाली उभं करून सांगतो, "आमचा भाचा. चौऱ्याण्णव अंशावर दहा मोजेपर्यंत हात ठेवला होता पठ्ठ्याने! रक्तातच आहे." तेव्हा आकडा बरोबर सांगतो. मीटरचा.

अर्ध्या मोजतो. बाही सारतो, उजवा तळवा ठेवतो, दहा मोजतो, खूण करतो. सुरुवातीला तो डाव्या हाताने, टेबलाखालून, कुणाला दिसणार नाही असं मीटर लावून बघायचा. गेल्या महिन्यात मीटरची बॅटरी संपली. नवी आणलेली नाही.

मी त्याच टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो, खडूच्या तुकड्यांबरोबर. माझ्या अंगावरची मामाची खूण पुसट झालीय. पाचव्या पात्यावर काळपट, चिमटीएवढं काही तरी चिकटलेलं आहे. ते अर्ध्याचं आहे. कधीतरी ड्रॉवर उघडला की तो मला उचलतो, अंगठ्याने ते चाचपतो आणि परत ठेवतो. त्याला ते लागत असेल असं नाही.

मला दुरुस्त करू नका, कुठे बसवू नका. एवढंच करा, की कुणी तुमच्यासमोर बाही सारून मोजायला लागलं, तर आकडे ऐकत बसू नका. आधी त्याच्या हाताला चिमटा काढून बघा.

अर्ध्याचा उजवा तळवा आणि तीन बोटं गेली. जागच्या जागी आहेत, पण गेली.